नाकाच्या शेंड्यावरचा घाम

आमचे आप्पा माणूस ओळखायचे ते नाकावरून. चेहऱ्यावरून नाही, बोलण्यावरून तर नाहीच. घरी कुणी जेवायला बसलं की ताटात भाकरीशेजारी एक हिरवी मिरची पडायची. पाहुण्यानं ती चावली, दोन घास गिळले, की आप्पा शेजारून हात लांब करून त्याच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायचे आणि ते बोट आपल्याच अंगठ्यावर घासून बघायचे. ओलं लागलं तर मिरची पास. कोरडं लागलं तर पाहुणा कितीही 'हा-हू' करत असला तरी आप्पांच्या लेखी ते नाटक. "तोंड खोटं बोलतं, डोळं बी खोटं बोलत्यात. नाकाच्या शेंड्याला खोटं बोलता येत न्हाई," असं त्यांचं ठरलेलं होतं. नव्या माणसाला हे फार अवघड जायचं. माझ्या धाकट्या मावशीचे यजमान लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, टोपी सांभाळत, अंग चोरून बसले, आणि थोरल्या साडूनं भर पंगतीत त्यांच्या नाकाला बोट लावलं. काकांनी ती गोष्ट पुढं कितीतरी वर्षं मनात धरली होती. आप्पांना मात्र एवढंच आठवायचं, की गडी कोरडा निघाला आणि मिरची फुकट गेली.

मी स्वतः या बोटातून कधी सुटले नाही. एकदा शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचातून बाईंनी मला ऐनवेळी काढलं. दिवसभर मी कुणाला काही बोलले नाही, पण रात्री जेवताना पहिल्या घासालाच डोळे भरून आले. आईनं विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "मिरची लागली." आप्पांनी जेवता जेवता डावा हात पुढं केला, माझ्या नाकाला बोट लावलं आणि म्हणाले, "कोरडं हाय. कोण बोललं तुला?" मग मी जी रडायला लागले ती थांबेना. तिखटाचं रडू आणि मनाचं रडू यांतला फरक त्यांना असा बोटाच्या टोकावर कळायचा. त्या दिवसापासून मिरचीच्या आड काही लपवायचं मी सोडून दिलं.

आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या शिवारात, भीमेच्या अंगाला. नदीपलीकडं दौंड तालुका. सगळीकडं ऊस, मधून पायवाट, आणि उसाच्या पोटात आमच्या दोन खोल्या आणि पडवी. जमीन थोडी होती, ती आई बघायची. आप्पांचा टेम्पो होता. वस्त्यांवरचा भाजीपाला भरून कधी शिरूरला, म्हणजे आम्ही ज्याला घोडनदी म्हणतो तिथं, तर कधी नदी ओलांडून दौंडच्या बाजारात टाकायचा, हा त्यांचा धंदा. टेम्पोच्या पुढं बंपरला लिंबू-मिरची आणि आत आरशाला पुड्यांची माळ. त्या काळात गुटखा नवानवा गावात आला होता आणि टेम्पोवाल्याच्या खिशात पुडी नसेल तर त्याला कुणी टेम्पोवाला म्हणत नसे. दातानं पुडी फाडायचा 'टर्र' असा बारीक आवाज आला की आप्पा आले, हे आम्हाला न बघता कळायचं. आई कुरकुरायची, ते हसून पुडी दुसऱ्या गालात सरकवायचे. आज हे लिहिताना तो आवाज कानात येतो आणि लेखणी बाजूला ठेवावीशी वाटते.

आईचं माहेर पाबळकडचं, कोरडवाहू. बाजरीची भाकरी आणि ठेचा यावर वाढलेली बाई, त्यामुळं तिखटात ती आप्पांना उणी नव्हती, पण तिला त्याचं कौतुकही नव्हतं. संध्याकाळी ती चुलीवर तवा तापवायची, त्यावर तेलाचा थेंब टाकून मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या परतायची. मिरच्या तडतडून अंगावर पांढरे फोड आले, घरभर ठसका उठला, की मूठभर शेंगदाणे आणि मीठ टाकून त्याच तव्यावर तांब्याच्या बुडानं सगळं रगडायची. तो खर्र-खर्र आवाज, पलीकडं परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि पडवीत खोकत बसलेला माझा धाकटा भाऊ बाळू. बाळूला तिखट अजिबात चालायचं नाही. तो ठेचा पाण्यात धुऊन खायचा, म्हणजे खालचे शेंगदाणे वेचून खायचा. आप्पा त्याला 'गुळाचा गणपती' म्हणायचे. आणि आई आप्पांबद्दल शेजारणीला सांगायची, "आमच्यात भाकरीला तोंडी लावणं लागत न्हाई. मिरचीला तोंडी लावायला भाकरी लागती."

आप्पांना खरा नाद होता तो नव्या मिरचीचा. वाळलेली लाल नव्हे. ताजी, देठासकट, पाणी असलेली. बाजारात नेहमी येणाऱ्या मिरच्यांकडं ते ढुंकून बघायचे नाहीत. पण कुणी परमुलखातून आला असं कळलं की त्यांचा पहिला प्रश्न, "तुमच्याकडं मिरची कशी असती?" दौंड त्यासाठी सोन्याची खाण. रेल्वेत चारी दिशांची माणसं नोकरीला, आणि राखीव पोलिसांचे शिपाई कुठं कुठं बंदोबस्ताला जाऊन येणारे. असाच एक शिपाई गडचिरोलीकडून परतताना त्यांच्यासाठी रुमालात बांधून मिरच्या घेऊन आला होता. बोटाच्या पेराएवढ्या, गडद हिरव्या, आणि झाडावर म्हणे खाली लोंबत नाहीत, आभाळाकडं तोंड करून उभ्या राहतात. ती मिरची खाल्ल्यावर आप्पांच्या नाकावरून घामाचा थेंब ताटात पडला होता, आणि त्यांनी ताट तसंच उचलून आईला दाखवलं होतं. आमच्या बांधाला बांध लागून बिरूमामांचं घर होतं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन हिंडले, बिरूमामा मात्र शेती धरून बसले, पण त्यांच्या भावाचा मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर कोकणात उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचा. येताना तो आप्पांसाठी हटकून चिरगुटात मिरच्या आणायचा. आईला ते बहीण मानायचे म्हणून आम्हाला मामा, आणि आप्पांना ते दाजी म्हणत.

या सगळ्या मिरच्यांचं बी आप्पा राखेत घोळून ठेवायचे आणि न्हाणीच्या पाण्यावर, तेलाच्या कापलेल्या डब्यांत रोपं लावायचे. नावं त्यांना माहीत नसायची, विचारायचेही नाहीत. ज्यानं दिली त्याचं नाव मिरचीला. एक डबा 'शिपायाची', एक 'बिरूची', एक 'स्टेशनवाल्याची'. परवा शिरूरच्या एका चकचकीत दुकानात मी प्लास्टिकच्या डबीतल्या मिरच्या बघितल्या. डबीवर तिखटपणाचा आकडा छापलेला. हल्ली म्हणे तिखटाला आकडे असतात. माझा मुलगा तो आकडा मोठ्या कौतुकानं वाचून दाखवत होता आणि मी मनात म्हणत होते, की आमच्या घरी एक बोट पुरायचं.

सुटीच्या दिवशी मी टेम्पोत आप्पांच्या शेजारी बसून जायची. तेव्हा रांजणगावला नुकत्याच कंपन्या उभ्या राहत होत्या आणि परप्रांतातून आलेली माणसं पत्र्याच्या खोल्या करून राहत होती. तिथल्या एका मेसला आप्पा भाजी टाकायचे. मेसमध्ये रामसेवक नावाचा बिहारकडचा आचारी होता. खोलीच्या मागं, मोरीच्या पाण्यावर त्यानं गावाकडच्या बियांच्या मिरच्या लावल्या होत्या. आप्पांना ते दिसलं आणि भाजीच्या पाट्या तिथंच राहिल्या. मिरची लांबट, फिकट पोपटी, सालीला जाड. रामसेवकनं मूठभर तोडून दिल्या आणि म्हणाला, "ले जाइए भैया. ज़्यादा तीखा नहीं है, सब्ज़ी वाला है." मी हे माझ्या कानांनी ऐकलं. आप्पांनी मान डोलावली आणि मिरच्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या.

त्या रात्री पानं वाढली. आप्पांनी त्यातली एक मिरची मधोमध चावली आणि घास तसाच तोंडात धरून थांबले. मग त्यांचे डोळे भरले, मान लाल झाली, आणि तांब्या उचलून ते घटाघटा पाणी प्याले. मिरचीवर पाणी पिणारा माणूस त्यांच्या हिशेबी माणसातून उठलेला. आम्ही सगळे घास थांबवून बघत राहिलो. तांब्या खाली ठेवून ते हसले, असे हसले की डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, आणि म्हणाले, "घावली! आरं, समदा मुलूख पालथा घातला आन् ही बया रांजणगावात मोरीवर बसलीय. भैया म्हनतो तीखा न्हाई! त्याला मिरचीतलं काय कळतंय?"

मग सगळ्यांना एकेक. आईनं चावली, चघळली, आप्पांकडं बघितलं आणि म्हणाली, "बरी हाय की." मी खाल्ली. मला हिरव्या सालीची, थोडी गोडसर अशी चव लागली आणि बाकी काहीच नाही. मी पुढच्या झोंबण्याची वाट बघत बसले. ते आलंच नाही. बाळूनं घाबरत घाबरत टोक कुरतडलं, मग अर्धी खाल्ली, मग सबंध, आणि म्हणाला, "आई, अजून एक दे." आप्पांनी क्रमानं आमच्या नाकांना बोट लावलं. तिन्ही कोरडी. त्यांना इतका आनंद झाला, की ते अर्ध्या जेवणातून उठून उभे राहिले. "तयार झाली! समद्यांच्या जिभा तयार झाल्या! गुळाचा गणपती बी तयार झाला!" आई चेष्टेनं म्हणाली, "अवो, तुमचं नाक बी कोरडंच हाय की." आप्पांनी स्वतःच्या नाकावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मग? ते बी पक्कं झालं." आम्ही सगळे हसलो. मीही हसले, मला तर अभिमान वाटला होता. आप्पांना जिनं पाणी प्यायला लावलं ती मिरची मी सहज खाल्ली, हे मी शाळेत सांगत सुटले होते. आई मात्र ते आपलं वाक्य जन्मभर विसरली नाही. शेवटच्या दुखण्यातही ती मला म्हणाली होती, "मला दिसलं होतं गं. मी हसण्यावारी नेलं."

कुणी म्हणेल, घरात तिघांना जे तिखट लागत नाही ते एकाला लागतं, तर शंका कशी आली नाही? नाही आली. आमच्या घरात तिखट म्हणजे काय हे ठरवायचं काम आप्पांच्या जिभेचं होतं. त्यांनी तिखट म्हटलं आणि आपल्याला लागलं नाही, तर दोष आपल्या जिभेचा. आणि हे फक्त आमच्या घरापुरतं नव्हतं. त्या वर्षी आप्पांनी 'भैयाची' मिरचीची रोपं वस्तीवर घरोघर वाटली. बाया-बापड्या अंगणात लावून वाट बघत बसल्या. मिरच्या लागल्या, लोकांनी जपून जपून चाखल्या, आणि प्रत्येक जण आपापल्या जिभेवर घसरला. कुणी म्हणे, तंबाखूनं माझी जीभ मेली. कुणी म्हणे, परवाच्या तापात तोंडाची चव गेली. बिरूमामा तर एका वेळी पाच-सहा चावून गंभीर तोंड करून म्हणाले, "दाजी, आमी ल्हानपनी मेंढरामागं हिंडून हिंडून मेंढरासारखीच जीभ झाली बगा. काय कळतच न्हाई." पण आप्पांची मिरची तिखट नाही, असं एकही माणूस म्हणाला नाही. माणसाला इतका मान मिळू नये, असं मला आता वाटतं.

पुढं हळूहळू आप्पांना सगळंच जहाल लागायला लागलं. आधी ठेचा, मग आमटी, मग साधं फोडणीचं वरणसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटेना, उलट त्यांच्याकडं कारणं तयार. या वर्षी पाऊस ओढला म्हणून मिरचीत आग उतरलीय. लोक युरिया लई टाकत्यात. आईचा हात सुटलाय. मग त्यांचा घास लहान झाला. भाकरीचा चतकोर दुमडून तोंडात घालणारा माणूस चिमणीच्या घासानं खायला लागला. पुडी मात्र गालात जायचीच, ती कडेनं सरकवता यायची. एके सकाळी आईनं त्यांना उंबऱ्यात उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "आ करा." त्यांनी केला तो आ आम्हाला आ वाटलाच नाही. आतला गाल पांढरा पडला होता आणि एका जागी खरबरीत काहीतरी होतं. आई आत गेली आणि तिनं चुलीवरचा तवा उतरवून बाजूला ठेवला.

दौंडच्या डॉक्टरांकडं मीही गेले होते. त्यांनी आप्पांना आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. एक गेलं. मग त्यांनी विचारलं, "तिखट झोंबतं का हो?" आणि आप्पांचा चेहरा असा उजळला! इतक्या दिवसांनी कुणीतरी शहाणा माणूस त्यांच्या विषयावर आला होता. त्यांनी रांजणगावची मोरी, रामसेवक, रोपं, सगळं रंगवून सांगितलं. डॉक्टर भले होते. सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळूच म्हणाले, "मामा, तिखट मिरची नाही ती. तुमचं तोंड आतून खराब झालंय, म्हणून साधी मिरचीही आग करते. पुण्याला जा, तुकडा काढून तपासतील. उशीर करू नका." आप्पांनी रोगाबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाले, "तुमी खाल्लीय का ती?" डॉक्टर नाही म्हणाले. "मग?" आप्पा म्हणाले आणि उठले.

तिथून त्यांनी जो हट्ट धरला तो धरला. मिरची तिखट असेल तर तोंड चांगलं, आणि तोंड बिघडलं असेल तर मिरची साधी, एवढी सरळ गोष्ट होती आणि ती त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळली होती. म्हणून ते मिरची सोडायला तयार नव्हते. आई रोज पुण्याचं नाव काढायची, ते रोज टेम्पो घेऊन निघून जायचे. शेवटी तिनं बिरूमामांना बोलावलं. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. आप्पा पडवीत बसले होते. मामांनी समजावून बघितलं, काही उपयोग झाला नाही. "डाक्टरनं मिरची खाल्ली न्हाई, त्याला काय ठावं?" आप्पांचं तेच. आई दारातून म्हणाली, "अवो, आमी खाल्ली की समद्यांनी."

"तुमच्या जिभा तयार झाल्यात."

"बाळूची बी?" आई म्हणाली.

बाळू खाली मान घालून बसला होता. आदल्याच दिवशी त्यानं ठेचा धुऊन खाल्लेला आप्पांनी बघितला होता. आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "नंदे, जा. भैयाच्या डब्यातली पिकत आलेली एक तोडून आन. पिकत आलेलीत समदं तिखट उतरतं. माझ्याम्होरं खा. तुझ्या नाकाला घाम आला, तर हितनं पुढं कुणी पुण्याचं नाव काढायचं न्हाई. कोरडं राहिलं, तर म्हनशीला तवा येतो."

मी डब्याकडं गेले. बुंध्याजवळ एक मिरची अर्धी तांबडी झाली होती, ती तोडली. वळून बघितलं तर आई माझ्याकडं बघत होती आणि तिला काय हवंय हे मला कळत होतं. नाक कोरडं राहिलं पाहिजे, म्हणजे आप्पा दवाखान्यात जातील. सगळं कळत होतं, तरी देवाशप्पथ सांगते, मला घाम यायला हवा होता. ती मिरची तिखट निघावी, माझी जीभ जळावी, नाकावरून थेंब ताटात पडावा आणि आप्पांनी ते ताट उचलून सगळ्यांना दाखवावं, असं मला वाटत होतं. उसातून एक चक्कर पळून आले तर नाक ओलं होईल, हेही मनात येऊन गेलं. पण त्या बोटाला फसवता येत नाही, हे मी लहानपणीच शिकले होते.

आप्पांसमोर बसून मी ती मिरची देठापर्यंत खाल्ली. हळू खाल्ली, बी सुद्धा चावलं. तीच हिरव्या सालीची चव, थोडी गोडसर. मी तोंड उघडून श्वास ओढला, जीभ टाळ्याला घासली, काहीतरी पेटेल म्हणून वाट बघितली. काही पेटलं नाही. डोळे मात्र भरून वाहायला लागले. आप्पा पुढं सरकले आणि त्यांनी माझ्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. अंगठ्यावर घासलं. पुन्हा लावलं, पुन्हा घासलं.

"कोरडं हाय," ते म्हणाले.

मला हुंदका आवरेना. त्यांनी उपरण्याच्या टोकानं माझे डोळे पुसले आणि म्हणाले, "रडू नगं. चांगली मिरची हाय ती. भाजीला चालंल." मग आईला म्हणाले, "माझा धुतलेला सदरा काढ."

पुण्याला ऑपरेशन झालं. गालाचा आणि जबड्याचा भाग काढला. घरी आले ते ओळखू न येण्यासारखे, आणि पातळ पेजेवर. बोललेलं फक्त आईला कळायचं. आम्ही दवाखान्यात असताना न्हाणीजवळची सगळी रोपं वाळून गेली होती. शिपायाची, बिरूची, स्टेशनवाल्याची, सगळे डबे कोरडे ठणठणीत. पाणी घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आमच्या जेवणाच्या वेळी आप्पा पडवीतून उठून आमच्याजवळ येऊन बसायचे. आई त्यांच्यादेखत बेचव जेवण करायची, तर त्यांना राग यायचा. एकदा बिरूमामा भावाच्या वाड्यावर जाऊन कोकणातल्या त्या जाळ मिरच्या घेऊन आले, तेव्हा आप्पांनी एक उचलून माझ्या ताटात ठेवली आणि खुणेनं 'खा' म्हणाले. मी खाल्ली. तोंडाची आग आग झाली, डोकं घामानं भिजलं. त्यांनी बोट लावलं, अंगठ्यावर घासलं आणि आईकडं बघून भुवया उडवल्या. मग हे रोजचं झालं. त्यांना आता चव माझ्या नाकावरून घ्यावी लागत होती आणि मी ती देत होते, पोटात आग पडेपर्यंत देत होते. बोट दिवसेंदिवस बारीक होत गेलं. उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

आता त्या वस्तीवर बाळू राहतो. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. आप्पांनी शोधलेल्या सगळ्या आगजाळ मिरच्यांपैकी एकही आज उरलेली नाही. उरली ती फक्त रामसेवकची, कारण ती घरोघर वाटली होती आणि लोकांनी त्यांच्या मागं ती मोडू दिली नाही. प्रत्येक अंगणात आहे. भज्यांना, पोरांच्या भाजीला हीच वापरतात. मात्र तिला आता कुणी 'भैयाची' म्हणत नाही. सगळी वस्ती तिला 'आप्पांची' म्हणते. आमच्या वस्तीवरच्या सगळ्यात तिखटखाऊ माणसाचं नाव सगळ्यात मवाळ मिरचीला पडलं, याचं मला कधी हसू येतं, पण ते पुरं येत नाही.

मागच्या खेपेला गेले तेव्हा बाळूची धाकटी लेक माझ्या मागं मागं परसात आली. तिनं चालता चालता एक मिरची तोडली आणि काकडी खावी तशी कचाकचा खाऊन टाकली. माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी तिच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

"आत्या, काय बघती गं?"

"काही नाही."

"ही काय तिखट नसती," ती मला समजावत म्हणाली. "आप्पांची हाय ही."

"नाही गं बाई," मी म्हटलं. "तिखट असती तर फार बरं झालं असतं."